तीन मिलिमीटर कापूस

गेल्या जानेवारीत मी अंगणातला बर्फ उडवणाऱ्या स्नोब्लोअरमध्ये हात घातला. मशीन बंद होतं. पातं मात्र बर्फात अडकलेलं होतं. बर्फ निघाला तसं ते एकदा फिरलं आणि थांबलं. एकदाच, पण तेवढं पुरलं. मेकॅनिकलची पदवी असलेल्या माणसानं असं करावं, याचा इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनी गावातल्या तमाम मराठी मंडळींना मनापासून आनंद झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण डब्यातून काहीतरी आणायचा आणि बूट काढता काढता विचारायचा, “गुरुनाथ, बंद नव्हतं केलं का?”

बोटं सगळी वाचली, पण उजव्या हाताची तीन नीट वाकेनात. मग माझी बायको रत्ना कामाला लागली. शर्टाची बटणं ती लावी, बुटांच्या नाड्या ती बांधी. पोळीचे तुकडे करून ताटात मांडून ठेवी. मी चोपन्न वर्षांचा. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती. सहा वर्षांपूर्वी मी देवासमोर सिगरेट सोडली ती खरीच सोडली, पण बेसमेंटमध्ये वेप, म्हणजे बॅटरीवरची सिगरेट, धरला. आणि तोही वापरून फेकायचा नव्हे, स्वतः बांधायचा. तारेची बारीक गुंडाळी असते, तिच्यातून कापूस ओवायचा. कापूस निकोटिनचा रस पितो, तार तापते, वाफ निघते. भोक तीन मिलिमीटरचं, ज्वारीचा दाणा अडकेल एवढं. कापूस जास्त भरला तर रस चढत नाही आणि घशात जळका भपकारा येतो. कमी भरला तर सगळं गळतं. तयार वेप कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर मिळतो. मी आणला नाही. घरात माझ्या हातानं होणारं एवढं एकच काम उरलं होतं, आणि ते करून द्यायला कोणी पुढे येत नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं. अपघातानंतर पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

एप्रिलमध्ये रत्ना अचानक खाली आली. टेबलावर कापूस, छोटी कात्री, चिमटा. तिनं तोंडावर हात ठेवला.

“गुरू, वाती करतोयस?”

“हो,” मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. इतक्या स्वस्तात पुण्य पदरात पडलेलं मी पाहिलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात हाताच्या थेरपिस्टनं मला नऊ खुंट्या नऊ भोकांत घालायला लावल्या. आधी दीड मिनिट लागायचं, आता चाळीस सेकंद लागले. ती चकित झाली. घरी काय करता, तिनं विचारलं. रत्नानं अभिमानानं सांगितलं आणि माझ्या फाइलमध्ये ‘धार्मिक हस्तकला’ अशी नोंद झाली.

तिथून ते मराठी मंडळात गेलं. मंडळाच्या सेक्रेटरी सरलाकाकूंचा फोन आला. “गुरुनाथ, त्रिपुरी पौर्णिमेला साडेसातशे वाती तुमच्या हातच्या. आणि एक डेमो!” पौर्णिमा बुधवारी होती, म्हणून मंडळानं ती शनिवारी ठेवली. शाळेच्या हॉलमध्ये ज्योत लावायला परवानगी नव्हती, म्हणून वाती नुसत्या मांडायच्या आणि दिवे बॅटरीचे. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तोवर मला भक्त असण्याची सवय झाली होती. सहा महिने मी खरोखरच वाती वळल्या. संध्याकाळी वाती, मग वेप. एकच टेबल, एकच कापूस.

व्हायचं तेच झालं. डेमोच्या वेळी सरलाकाकूंनी माझ्या डब्यातून एक वात उचलली आणि माइकवर म्हणाल्या, “हे बघा, हिला तारेचं वेटोळं घातलंय. किती युनिक! वात सरळ उभी राहावी म्हणून, ना हो?”

पहिल्या रांगेत काकूंची नात अनया बसली होती. तिनं फोनमधून मान वर केली.

“आजी, दॅट्स अ वेप कॉइल.”

हॉलमध्ये शंभर माणसं आणि साडेसातशे वाती, पण पेटलं कुठे तर रत्नाच्या डोळ्यांत.

गाडी तिनं चालवली. घरी येताच म्हणाली, “खाली चल. काय करतोस ते दाखव.”

मी नवी गुंडाळी घेतली, कापसाचं टोक पिळलं, नेम धरला. टोक वाकलं. पुन्हा पिळलं, पुन्हा वाकलं. तिचा हात पुढे आला.

“आण इकडे, मी ओवून देते.”

“हात लावू नकोस!”

दहा महिन्यांत मी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. मग हळू म्हणालो, “रत्ना, सगळं तूच करतेस. हे एवढंच मी करतो.”

ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. अकरा मिनिटं लागली. चारदा तिचा खांदा हलला, पण हात बाहेर आला नाही. मला वाटतं, त्या खोलीत जास्त अवघड काम तिचंच होतं. शेवटी कापूस आरपार गेला. मी टोकं कापली आणि ते वेटोळं तिच्या तळहातावर ठेवलं.

तिनं ते उजेडात धरून पाहिलं. “उद्यापासून हा धूर बंद.”

“वाफ आहे.”

“वाफ बंद. ओवायचं असेल तर ओवत बस.”

मी मान डोलावली. मनापासून की भीतीनं, ते अजून ठरलेलं नाही.

रात्री जेवायला बसलो. माझ्या ताटात पोळी होती, चौघडी घातलेली, अख्खी. रत्ना मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघत बसली होती. पहिला तुकडा तुटेपर्यंत भाजी गार झाली. एक पोळी संपवायला वीस मिनिटं लागली. मग मी दुसरी मागितली.