लांब पाठीची, ठेंगणी मी

मित्रांनो, मी एक जुनी, लांब पाठीची गाडी आहे. माझ्या जातीला इस्टेट म्हणतात. इतर गाड्यांना मागे डिकी असते, मला चक्क एक खोली आहे. छप्पर पार शेवटपर्यंत गेलेलं, मागे वर उघडणारं मोठं दार आणि आत सपाट जागा. एखादा ताडमाड माणूसही तिथे पाय पसरून झोपेल. शिवाय मी श्रीमंताघरची. मऊ कातडी सीट, पुढे अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, आणि दारं अशी की लावली तर आदळत नाहीत, नुसता उसासा ऐकू येतो. तुम्ही म्हणाल, बाई फारच मिरवते! पण सध्या मी जुन्या गाड्यांच्या आवारात पत्र्याच्या कुंपणाला टेकून उभी आहे आणि माझ्या बॉनेटवर कबुतरांनी संसार मांडला आहे. अशा वेळी थोडा अभिमान जवळ असलेला बरा.

कारखान्यात माझ्या सीट शिवणाऱ्या बायका टाका संपला की शिवणीवरून अंगठा फिरवायच्या. कुठे टोचत तर नाही ना, एवढंच बघायच्या. मला आठवणारा पहिला स्पर्श तोच.

मला विकत घेतलं एका पशुवैद्य बाईंनी. शोरूममध्ये येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी बॉनेट उघडायला सांगे. बाईंनी मात्र मागचं दार उघडलं, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि माझा उंबरठा त्यांच्या गुडघ्याच्या किती वर येतो ते पाहिलं.

"बाई, इंजिन नाही का बघायचं?" विक्रेत्याने विचारलं.

"ते तुम्ही बघितलंच असेल," बाई म्हणाल्या. "माझे पेशंट इकडून चढणार आहेत."

मग सुरू झाली माझी खरी नोकरी. पाय मोडलेले कुत्रे, पोट फुगलेल्या शेळ्या, एकदा तर एक वासरू. त्याने वाटभर मागची काच चाटून पारदर्शकाची धुरकट केली. एका शेळीने माझ्या सीटचा कोपराच खाल्ला. जनावरांचे पाय घसरू नयेत म्हणून बाईंनी माझ्या मागच्या जागेत तळाला असलेल्या फळीवर खरखरीत रबर चिकटवून घेतलं. लोक हसायचे. "अहो, एवढी उंची गाडी, आणि शेळ्या वाहता?" बाई शांतपणे म्हणायच्या, "ज्याला दुखतंय त्याला उडी मारायला सांगू नये. आपण त्याच्या उंचीला यावं."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते माझ्या हाडीमाशी खिळलं. गाडीला हाडंमासं नसतात हे मला कळतं, पण तुम्हाला भावना समजली असेल.

पुढे बाईंची नजर अधू झाली. गाडी चालवणं थांबलं. मला इथे सोडायला आल्या त्या दिवशी त्यांनी शेळीने खाल्लेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि रिक्षात बसून गेल्या. त्यानंतर माझ्या पाठीवर कुणाचंही वजन पडलं नाही. रिकामी पाठ फार जड असते, मित्रांनो.

आवारात माझ्या शेजारी एक छोटी, उंच चाकांची क्रॉसओव्हर गाडी उभी होती. लहान मुलीने आईच्या उंच टाचांच्या चपला घालाव्यात तशी दिसायची. आत जागा बेताची, पण बसणं उंचावरचं. तिला बघायला रोज कुणीतरी येई. माझ्याकडे बघून आवाराचा मालक म्हणे, "या लांबडीला आता गिऱ्हाईक नाही मिळालं, तर सुटे भाग करून विकून टाकू."

अशात एका सकाळी एक कुटुंब आलं. नवरा-बायको, त्यांची चिमुरडी, नवऱ्याची म्हातारी आत्या आणि ढब्बू नावाचा केसाळ, थोराड कुत्रा. ढब्बूचे मागचे पाय लटपटत होते. आत्याने या पुतण्याला लहानाचा मोठा केला होता. आता तिचे गुडघे कामातून गेले होते आणि व्यायामासाठी तिला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागे. ढब्बूला घरी ठेवायची सोय नव्हती. आत्या नजरेआड झाली की तो पाण्यालाही तोंड लावत नसे. त्यामुळे गाडी हवी होती ती या दोन म्हाताऱ्यांसाठी.

मालकाने माझं मागचं दार उघडलं. ढब्बूने आत नाक खुपसलं, पुढचे पाय ठेवले, मग मागचे ओढून घेतले, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि धप्पकन फळीवर अंग टाकलं. माझ्या स्प्रिंगा दबल्या. काय सांगू तुम्हाला! किती दिवसांनी मला कुणाचा तरी श्वास पाठीशी लागला. मी मनातल्या मनात दवाखान्याच्या रस्त्याला लागलेसुद्धा.

"बघितलंस? आपणहून चढला!" पुतण्या हरखला. त्याचा हात माझ्या अक्रोडाच्या पट्टीवरून हलत नव्हता. "लहानपणी अशी गाडी नुसती लांबून बघायचो."

"आताही नुसतीच बघा," बायको म्हणाली. "आत्याबाईंना बसवल्याशिवाय काही ठरायचं नाही."

क्रॉसओव्हरच्या मागच्या दाराशी नेलं, तर ढब्बूने तो उंच उंबरठा पाहून तिथेच बैठक मारली. दोघांनी उचलायला घेतलं, तसा तो कळवळला. आत्याचं मात्र उलट झालं. ती क्रॉसओव्हरच्या सीटकडे पाठ करून उभी राहिली, टेकली, पाय आत वळवले, झालं! जशी घरच्या खुर्चीत बसली.

मग ती माझ्याकडे आली. बसताना पार खाली गेली. उठताना तिने दार धरलं, अंग वर उचललं आणि पुन्हा सीटमध्ये कोसळली. पुन्हा धरलं, पुन्हा कोसळली.

"आत्याआजी, अडकलीस?" चिमुरडीने विचारलं.

"अडकते कशाला? मऊ आहे, म्हणून उठवत नाही." आत्याने श्वास घेतला. "छोट्या, हीच घे. ढब्बूची सोय झाली पाहिजे. माझं काय, उतरताना दोघांनी ओढा. विहिरीतून बादली ओढतात तसं."

सगळे हसले. पण तिचा तळहात माझ्या लाकडी पट्टीवर टेकलेला होता आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर होता. ते फक्त मला कळत होतं. एक मन म्हणत होतं, तिनेच सांगितलं ना, घेऊ देत मला. दुसऱ्या मनात बाईंचं वाक्य होतं. दुखणाऱ्याच्या उंचीला यावं. ढब्बूच्या उंचीला मी आले होते. आत्याच्या उंचीला मला येता येत नव्हतं. कितीही झुरले तरी चार बोटंसुद्धा वर उठणं माझ्या हाती नव्हतं.

पुतण्या खिशातून पेन काढणार, तेवढ्यात बायको आत्यासमोर वाकली. तिने आत्याचा हात पट्टीवरून उचलून आपल्या हातात घेतला. तो भार आता तिलाही कळला.

"आत्याबाई, कुत्र्याला चढायला फळी लावता येते. तुम्हाला कुठून लावू?"

 आत्याने तोंड फिरवून पदराने नाक पुसलं.

मालकाने गोदामातून एक गुळगुळीत फळी आणून क्रॉसओव्हरला लावली. ढब्बूचा पाय पहिल्याच पावलाला घसरला आणि तो मागे फिरला तो थेट माझ्याकडे. तेव्हा चिमुरडी म्हणाली, "तिच्यातलीच फळी द्या ना! तिच्यावर तो घाबरत नाही."

"न्या की," मालक खांदे उडवत म्हणाला. "तिला आता काय करायचीय?"

स्क्रू निघाले. माझी फळी, तिच्यावरच्या बाईंच्या रबरासकट, बाहेर आली आणि क्रॉसओव्हरला लागली. ढब्बूने ती टोकापासून टोकापर्यंत हुंगली आणि एक एक पाऊल टाकत वर गेला.

"बघा, माझ्याआधी हा म्हातारा गाडीत!" आत्या म्हणाली. मग सुनेच्या आधाराने माझ्यापाशी आली आणि माझं मागचं दार हलकेच ओढून लावलं. "तुझं आम्ही काढून नेलं गं," ती हळूच म्हणाली. गाड्यांशी असं कुणी बोलत नाही. ती बोलली.

मित्रांनो, कधी गाडी निवडायला गेलात, तर तिच्या रंगावर जाऊ नका आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरेल म्हणूनही घेऊ नका. घरातला सगळ्यात दुखरा गुडघा सोबत न्या आणि त्याला विचारा. मग जी घरी आणाल, तिला जपा. धूळ बसली तर पुसा, शिवण उसवली तर शिवा. आणि एखाद्या दिवशी ती पुरेनाशी झाली, तर दारातून जाण्याआधी तिच्यावरून एकदा अंगठा फिरवा. तेवढं पुष्कळ दिवस पुरतं.

मी अजून इथेच आहे. आवाराच्या फाटकापाशी कुणी थांबलं की मला वाटतं, आत्ता कुणीतरी माझं मागचं दार उघडेल. आत फळी नाही. पण जागा अजून तेवढीच आहे.