पट्टी

महिपतने ब्रश रेझिनमध्ये बुडवला तशी त्याच्या बायकोने, शालूने, पदराने नाक झाकलं, पण ती दारातून हलली नाही. तिच्याच भाजीच्या सुरीने कोरलेल्या थर्माकोलवर तो काचेच्या कापडाचे थर चढवत होता. मोटरसायकलची जुनी टाकी गंजली, म्हणून ही फायबरची, घरी बनवलेली.

तिला हे कारण पटेना. उद्या पाणी येणार नाही अशी थाप मारून याच माणसाने अख्ख्या आळीला पिंपं भरायला लावलेली. आणि हल्ली माजिवड्याच्या गोदामातल्या कामावरून परत ठाकुर्लीला यायचा तो अगदी ताजातवाना. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. हा भलतीकडे कुठे लांब जातो की काय, म्हणून शालू रोज गुपचूप गाडी हलवून जुन्या टाकीतल्या पेट्रोलचा आवाज ऐकायची. त्याने ते पाहिलेलं.

आतला थर्माकोल पेट्रोलने विरघळवून, टाकी धुऊन त्याने लाल रंग मारला. एका बाजूला बोटभर उभी पट्टी मात्र कोरी ठेवली. त्यातून आतलं पेट्रोल स्वच्छ दिसत होतं.

"घे. आता कान लावायला नको. कुठे वळलो तर इथेच कळेल."

"कळेलच," शालू म्हणाली.

पट्टीत हवेचा एक बुडबुडा अडकून राहिलेला. सकाळी पेट्रोल त्या बुडबुड्याला टेकलेलं होतं. संध्याकाळी तो आला तेव्हाही तिथेच. वाटेत भरलं असेल, हाही त्याचा चावटपणा, असं तिला वाटलं. पण पुढच्या दिवशीही तेच. लांब कुठे जातो म्हणून ती संशय घेत होती, आणि गाडी तर कुठेच जात नव्हती.

तिने गोदामात फोन लावला. वॉचमन म्हणाला, सगळ्यांना दिवाळीनंतर काढलं ना, तुम्हाला माहीत नाही?

त्या संध्याकाळी महिपतने आज मॅनेजरला कसं फसवलं ते रंगवून सांगितलं. त्याची आई, गंगुबाई, पोट धरून हसली. पोराच्या नोकरीचं कौतुक ती आळीभर सांगायची. हसता हसता तिची नजर दाराबाहेर ओट्याखाली उभ्या गाडीकडे गेली.

"शालू, यातलं पेट्रोल उतरतच नाय का गं? कालपण इथंच होतं."

महिपतचा कप हातातच राहिला.

"डोळे दाखवायला जाऊ आपण, आई," शालू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो येऊन मोरीत हातपाय धुवायला गेला. शालूने टाकीत नळी सोडली, तोंडाने ओढलं आणि बाटली भरून घेतली.

गंगुबाई ओट्यावर आली, वाकून पाहिलं. "उतरलं गं बाय," ती समाधानाने म्हणाली आणि जपमाळ घेऊन बसली.

टॉवेलने तोंड पुसत आलेल्या महिपतने ते ऐकलं. तो पट्टीसमोर उकिडवा बसला. मग त्याने मान वळवली. शालू नळावर चुळा भरत होती.

"पेट्रोलचा वास येतोय," तो हळू म्हणाला.

"घरी बनवलेली टाकी," तिने तोंड पुसलं. "गळत असेल."