मंजुळाबाईंनी मला सांगितलं होतं, निसटू नको

माझ्या डोक्यावर हात ठेवणारा माणूस माझ्याकडे कधी बघत नाही. तो समोर रस्त्याकडे बघतो. तसंच असायला हवं, माझी तक्रार नाही. मी एका जुन्या हायब्रिड गाडीच्या गिअरचा दांडा आहे. पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी ही पांढरी गाडी दुसरबीडजवळच्या एका गावात, रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीशेजारी उभी असते.

माझी पहिली वर्षं पुण्यात गेली. तिथले मालक सिग्नलला माझ्यावर बोटांनी ताल धरायचे. मग त्यांनी नवी गाडी घेतली आणि आम्ही इमारतीच्या तळघरात धूळ खात पडलो. तिथून ऋत्विकने गाडी विकत घेतली. स्वतःसाठी नाही, गावाकडच्या वडिलांसाठी.

त्याचे वडील म्हणजे रोपवाटिकेचे मालक इंद्रभान. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. उतारावर उभ्या ट्रॅक्टरचा गिअर निसटला आणि चाक पायावरून गेलं. तेव्हापासून क्लच दाबणं संपलं, म्हणजे गाडी चालवणंच संपलं. आमच्या गाडीला क्लच नाही. उजवा पाय आणि माझ्यावर एक हात, एवढ्यावर ती चालते.

गाडी आली त्या दिवशी सगळी गल्ली जमली. इंद्रभाननी बटण दाबलं. ही गाडी सुरू होताना आवाज करत नाही.

शेजारचे पंजाबराव म्हणाले, "चालू हाय का झोपली बे ते?"

"चालू हाय."

"झोपलेला मानूसबी घोरते. हे तं जागी असून गप!"

सगळे हसले. गाव मागे पडल्यावर वळणावर इंद्रभानही एकटेच हसले. तोंडातून आवाज आला नाही, पण त्यांचा तळहात माझ्यावर हलत होता.

त्यानंतर मागच्या सीटवर मिरची-वांग्याच्या रोपांचे ट्रे आणि पुढे आम्ही दोघं, असं आमचं आयुष्य सुरू झालं. कधी लोणारचा बाजार, कधी चिखली, कधी कोणाच्या थेट बांधावर. ते कोणाला विचारत नसत. मनात आलं की निघत.

मंजुळाबाई, त्यांच्या पत्नी, मात्र गाडीला भीत. पहिल्या दसऱ्याला त्यांनी विळे, खुरपी, फवारणीचा पंप सगळं पुजलं आणि मग गाडीकडे आल्या. चाकापुढे नारळ फोडला. करवंटीतलं पाणी घेऊन आत बसल्या. मला कुंकू लावलं आणि ते पाणी माझ्या बुडाशी ओतलं. मग हळूच म्हणाल्या, "बापा, गिअर निसटला म्हनून याहिचा पाय गेला. तू निसटू नको. घट्ट राह्य."

माझ्याशी आजवर कोणी बोललं नव्हतं. मला फार बरं वाटलं. मग दर दसऱ्याला कुंकू, नारळाचं पाणी आणि तेच शब्द. मी वाट बघायचो.

माझ्या बुडाशी एक छोटी खिट्टी आहे. ब्रेक दाबला की 'टिक' आवाज करून ती बाजूला सरते आणि मी 'पी'मधून, म्हणजे गाडी उभी ठेवायच्या जागेतून, सुटतो. हळूहळू ती टिक दबकी होत गेली. एका सकाळी ती आलीच नाही. इंद्रभाननी मला ओढलं. पुन्हा ओढलं. मी जागचा हललो नाही. मागे रोपांचे ट्रे भरलेले होते. दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्या.

त्यानंतर इंद्रभान सकाळी काठी घेऊन फाटकात उभे राहत. "पंजाबराव, चिखलीले चालला काय? मले घेऊन जाशीन?" हा आवाज मला नवा होता.

ऋत्विक फोनवर म्हणाला, "बाबा, विकून टाका ती गाडी. मी भाड्याची जीप लावून देतो."

"जीप माह्या टायमावर येत नाई. मलेच तिच्या टायमावर जा लागते," ते म्हणाले. पण मग मान खाली घालून कबूल झाले. चिखलीचा जुन्या गाड्या घेणारा सोमवारी येणार असं ठरलं. तो गाड्या चालवायला नेत नाही, सुटी करायला नेतो.

रविवारी मंजुळाबाईंनी गोकुळला बोलावलं. त्याचं रस्त्याकडेला गॅरेज आहे. जीप, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. आमची गाडी बघून त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मावशी, याच्यात मोठी बॅटरी असते. हात लावला का मानूस फेकल्या जाते म्हनतात."

"म्हनतात का पाह्यलं?"

"म्हनतात."

"मंग घाल हातमोजे अन् कर सुरू."

आधी त्याला वाटलं बॅटरी गेली. मग वाटलं ब्रेकचं बटण गेलं. पण ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे नीट लागत होते. शेवटी त्याने माझ्याभोवतीचं झाकण उचकटलं. खाली तांबडा थर होता.

"गंज चढला, मावशी. संपलं हे."

बाहेर बाजेवर बसलेल्या इंद्रभाननी काठी हातात घेतली. मंजुळाबाई वाकल्या. नखाने थर खरवडला, नाकाशी नेला आणि तशाच थांबल्या.

"गंज नाई रे. कुंकू हाय. नारळाचं पानी वाळलं." त्या सीटवर बसल्या. "म्याच बिघडवला. दर दसऱ्याले. निसटू नको, निसटू नको म्हनत राह्यली."

मला सांगायचं होतं की बाई, तुमचा दोष नाही. पण मला तोंड कुठे आहे?

इंद्रभान काठी टेकत आले. गाडीच्या दारात उभे राहिले. मग म्हणाले, "म्हनूनच तं धरून बसला तो. या घरात तुह्यं कोनं तरी ऐकलं!"

मंजुळाबाई रडता रडता हसल्या. "तुमी ऐकलं असतं तं उतारावर ट्रॅक्टर लावलाच नसता."

गोकुळने जुना दातांचा ब्रश घेतला. मंजुळाबाईंनी बॅटरी धरली, हातातली, दिव्याची. थर ओला करून, घासून, पुसून त्याने खिट्टी मोकळी केली. मग ब्रेक दाबायला इंद्रभाननाच बसवलं.

टिक.

सोमवारी चिखलीचा माणूस आला तेव्हा फाटकात गाडी नव्हती. आम्ही लोणारच्या बाजारात होतो.

आता माझं कातडं उसवलंय, अक्षरं पुसट झालीत. बाकी मी ठीक आहे. माझी एकच विनंती. मला पुजायचं तर कोरडं पुजा.

यंदाच्या दसऱ्याला मंजुळाबाईंनी चाकाला कुंकू लावलं, नारळ बाहेरच फोडला आणि आत येऊन बसल्या. कुंकवाचं बोट माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं. त्यांनी ते पदराला पुसलं. मग कोरडा तळहात माझ्या डोक्यावर ठेवला आणि नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. कुठे जायचं नसताना कोणी माझ्यावर हात ठेवला, तो हा पहिलाच.