दाराजवळचा तांबडा पट्टा

घडी उलगडा, म्हणजे माझे पट्टे दिसतील. मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. पाटोद्याजवळच्या एका खेड्यात पत्र्याचे छोटे चर्च आहे. त्याच्या कोपऱ्यात माझी जागा.

मला हातमागावर विणले. निळा पट्टा, मग पांढरा, मग तांबडा, पुन्हा निळा. पाटोद्याच्या बाजारातून मला आणले तेव्हा मी कडक होते आणि माझ्यावर बसणाऱ्यांना टोचत असे. चर्चमधल्या प्रत्येकाने एकेक पट्टा धरला. कोणी तसे ठरवले नव्हते. माणसे रोज त्याच जागी बसतात, तसेच ते झाले.

दिवाळी सरली की अर्धा गाव ऊसतोडीला जाई. त्यामुळे नाताळात माझे अर्धे पट्टे मोकळे राहत. मागे राहिलेल्यांनी त्यावर एक रीत पाडली. गेलेल्या माणसाच्या पट्ट्यावर कोणी बसायचे नाही. प्रार्थनेच्या वेळी त्याच्या घरच्याने त्यावर तळवा ठेवायचा आणि नाव घ्यायचे. तो इथेच बसला आहे, असे मानायचे. उन्हाळ्यात माणसे परतत आणि आपापल्या पट्ट्यावर येऊन बसत. मला तेव्हा भरल्यासारखे वाटे.

एका उन्हाळ्यात सटवा परतला नाही. दाराजवळचा तांबडा पट्टा त्याचा. टोळीतले लोक म्हणाले, "पुन्याकडं नव्या कंपन्या निघाल्यात म्हनं. ट्रकात बसून गेला, बगून येतो म्हनला." त्यानंतर त्याची काही खबर आली नाही. मागे त्याची आई ताराबाई आणि बायको मनकर्णा राहिल्या.

पाटोद्याला तेव्हा एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते. ताराबाई बूथवाल्याला म्हणे, "बाबा, माझ्या सटवाला लावून दे." तो नंबर विचारी. नंबर कुणाकडेच नव्हता.

पुढच्या नाताळात नवे पाळकसाहेब आले आणि रीत ठाऊक नसल्याने नेमके तांबड्या पट्ट्यावर बसले.

"उठा पाळकसाहेब," ताराबाई म्हणाली, "तिथं मानूस बसलंय."

"कुठे? मला तर कोणी दिसत नाही."

"देव तरी कुटं दिसतो? तुमीच सांगता, दिसत न्हाई पन हाय. मंग माझ्या लेकाचं कावून न्हाई?"

पाळकसाहेब हसले नाहीत. ते उठून उघड्या जमिनीवर बसले. त्यांच्या पांढऱ्या विजारीकडे बघून शेजारची चंद्रभागाबाई पुटपुटली, "आता पाळकीनबाईला धुनं लागलं." तेव्हा मात्र सगळे हसले.

मनकर्णा हसली नाही. ती पट्ट्यावर हातही ठेवत नसे. माहेरचे तिला न्यायला येऊन गेले होते. एकदा मला झाडताना ती सासूला म्हणाली, "आत्या, मला काय या पट्ट्यासंगं संसार करायचाय? तो हाय म्हना, न्हाई म्हना, एक कायतरी म्हना."

"मला ठावं न्हाई गं," ताराबाई म्हणाली. "म्हनून तर जागा राखते."

मनकर्णाने माझी घडी घातली. ती माहेरी मात्र गेली नाही.

पुढे पुण्याच्या कंपनीत लागलेल्या एकाने चर्चला प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. सर्वांनी त्याचे कौतुक केले, आणि ते योग्यच होते. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखत. मला गुंडाळून कोपऱ्यात उभे केले. कोणी जोंधळे वाळवायला नेले, कोणी लग्नात चुलीपाशी अंथरले. एक कड जळाली. खुर्च्यांवर कोणाची जागा ठरलेली नव्हती, त्यामुळे कोण आले नाही हे कळत नसे. मी कोपऱ्यात उभ्याने नावे ऐकायला कान देई. नावे कोणी घेत नव्हते.

त्या पावसाळ्यात ताराबाई वारली.

नाताळच्या सकाळी मनकर्णा सर्वांच्या आधी आली. तिने दाराजवळच्या खुर्च्या उचलून बाजूला केल्या, मला झटकले आणि अंथरले. मग ती गुडघ्यावर बसली. तिने एक तळवा निळ्या पट्ट्यावर ठेवला. ती ताराबाईची जागा. दुसरा हात बराच वेळ मांडीवरच होता. मग तोही खाली आला, तांबड्यावर, पहिल्यांदाच.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "सरका जरा. त्येला बसू द्या."

मित्रांनो, खरे तेच सांगते. माझ्यावर तिच्याशिवाय कोणाचे वजन पडले नाही. सटवाची वाट मी आजही पाहते. पण चंद्रभागाबाई आत आली, तिने ते दोन पट्टे पाहिले, आणि पदर सावरून वळसा घालून पुढे गेली. जिथे माणसे बसलेली असतात तिथून जावे, तशी.

मला अधूनमधून ऊन दाखवा. कसर लागू देऊ नका. जोंधळे वाळवायचे तर खुशाल न्या. पण नाताळला परत आणा, आणि अंथराल तेव्हा दाराजवळ पाय जपून टाका.