धाकटीचं व्याख्यान

विभागाची साप्ताहिक सूचना दर सोमवारी पाठवायचं काम गेली पाच वर्षं थोरलीकडे होतं. तिने ते मागून घेतलं नव्हतं, गळ्यात पडलं होतं. या आठवड्यात कोण कुठे बोलणार, कुठल्या परिषदेला अर्ज कधीपर्यंत करायचा, कुठे जागा निघाली, कुठे शिष्यवृत्ती आहे, हे सगळं एका पानात बसवून दोनशे जणांना धाडायचं. निम्म्या संधींखाली 'वय पस्तिशीच्या आत' असं असायचं. थोरली एकोणचाळीस वर्षांची होती. ती ते वाक्य उतरवून घ्यायची आणि पुढच्या ओळीवर जायची.

त्या सोमवारी विभागप्रमुखांचा निरोप आला, 'ही बातमी सगळ्यात वर टाका.'

बातमी त्याच विभागात काम करणाऱ्या तिच्या सख्ख्या बहिणीची होती. प्रथिनांच्या रचनेवरच्या मोठ्या परिषदेत धाकटीला मुख्य सत्रात बोलायला बोलावलं होतं. पुढच्याच सोमवारी तिला निघायचं होतं, आणि त्याआधी गुरुवारी ती तेच व्याख्यान सरावासाठी विभागात देणार होती.

थोरलीने 'अभिनंदन' टाइप केलं. उद्गारचिन्ह दिलं. मग ते काढलं.

खरं तर धाकटीला या विषयात आणलं होतं थोरलीनेच. आठ वर्षांनी लहान बहीण. शाळेत असताना ती थोरलीच्या लॅबमध्ये यायची आणि सूक्ष्मदर्शकातून स्फटिक बघत बसायची. पुढे धाकटी कॉम्प्युटरकडे वळली. प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी. ती दुमडून कुठला आकार घेईल हे ती गणिताने सांगायची. थोरली मात्र जुन्या वाटेवर राहिली. प्रथिन हाताने तयार करायचं, गाळून शुद्ध करायचं, त्याचे स्फटिक वाढवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून आकार काढायचा.

गेली सहा वर्षं ती एकाच प्रथिनाच्या मागे होती. जंतूच्या पोटात शिरलेलं औषध हे प्रथिन परत बाहेर ढकलतं. जंतूच्या दारावरचा दरवानच म्हणायचा. चौथ्या वर्षी त्याचे स्फटिक मिळाले, ठिपकेही मिळाले. पण ठिपके निम्मीच माहिती देतात. उरलेली निम्मी शोधायला साधारण त्याच आकाराचं काहीतरी हाताशी लागतं, आणि तसं जगात काही नव्हतं. दोन वर्षं गाडी तिथेच अडली होती.

आठ महिन्यांपूर्वी धाकटीने एका दुपारी त्याच दरवानाचा आकार कॉम्प्युटरवर काढला आणि फाइल पाठवून दिली. 'ताई, हा घे. लावून बघ, तुझं सुटेल कदाचित.'

थोरलीने ती फाइल उघडली नाही. आयत्या पिठावर रेघोट्या मारायची आपल्याला सवय नाही, असं ती स्वतःला सांगत राहिली. खरं कारण वेगळं होतं. सहा वर्षं आपण ज्या दारावर डोकं आपटलं, ते धाकटीने एका दुपारात उघडलं असेल, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. आणि आता त्याच दुपारच्या जोरावर धाकटीला मुख्य सत्र मिळालं होतं.

सूचनेत तिने बातमी वर टाकली, कारण तसा हुकूमच होता. सरावाचं व्याख्यान मात्र सातव्या ओळीत ढकललं. जागा दिली तळमजल्यावरची छोटी खोली. तिथे भिंतीपलीकडे शीतकपाटांची घरघर असते आणि माणसं जेमतेम पंचवीस बसतात. मोठं सभागृह त्या वेळी रिकामं होतं. ते तिला ठाऊक होतं.

गुरुवारी चार वाजता त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, काही दारातून डोकावत होती. आणि पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन, आई बसली होती.

"तू इथे?" थोरलीने विचारलं.

"हिने बोलावलं ना. म्हणाली, आई, कळलं नाही तरी चालेल, ओळखीचा चेहरा समोर असला की बरं वाटतं." आई सदतीस वर्षं परिचारिका होती, कुठल्याही खोलीत ती दोन मिनिटांत रुळायची. तिने शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बस की. तुझं कधी असतं गं असलं भाषण? तू कधी सांगतच नाहीस."

थोरलीची आजवर चार व्याख्यानं झाली होती. चारही वेळा तिने आईला सांगितलं नव्हतं. 'तुला काय कळणार त्यातलं' हे वाक्य तिने मनात इतक्यांदा म्हटलं होतं, की आईला विचारायची गरजच तिला वाटली नव्हती. ती बसली नाही. मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

धाकटी छान बोलली. तेच तर दुःख होतं. भरभर नाही, अडखळत नाही, मध्ये एक विनोद, त्यावर सगळे हसले, आईसुद्धा. पडद्यावर दरवान फिरत होता, निळा, हिरवा, आणि शेवटी एक लाल शेपटी. "ही शेपटी आत वळून तोंडात बसते," धाकटी म्हणाली. "हाच या दाराचा अडसर."

प्रश्नांची वेळ झाली तसा थोरलीचा हात वर गेला. तिने ठरवलं नव्हतं.

"हे प्रथिन तू कधी हातात धरलंयस? एका तरी नळीत?"

धाकटीने हातातला माइक या हातातून त्या हातात घेतला.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही धरलं. माझ्या ताईने धरलंय, सहा वर्षं. जगात त्याचे स्फटिक फक्त तिच्याकडे आहेत. मी जे दाखवलं तो अंदाज आहे. खरं काय ते ती सांगेल."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आई मागे वळून थोरलीकडे बघत कौतुकाने हसली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीने उलटून टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

शुक्रवारी सकाळी ती साडेआठलाच लॅबमध्ये आली. आठ महिन्यांपूर्वीची ती फाइल तिने शोधून काढली. ती चूक ठरवायचीच, या इराद्याने तिने धाकटीचा आकार आपल्या ठिपक्यांना जोडून गणित सुरू केलं आणि नळ्या धुवायला गेली.

चाळीस मिनिटांनी ती परतली तेव्हा गणित सुटलं होतं.

पडद्यावर नकाशा उमटला होता. सहा वर्षं जे प्रथिन नुसतं पांढऱ्या चूर्णासारखं आणि पिवळट पाण्यासारखं पाहिलं, त्याची वळणं, खाचा, कडा तिथे होत्या. थोरली खुर्चीत बसली आणि रडली. आनंदाने की रागाने, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आठ महिने! आठ महिने ही किल्ली खिशात होती.

मग तिने डोळे पुसून तो नकाशा इंच-इंच तपासला. बाकी सगळं धाकटीच्या आकाराशी जुळत होतं. शेपटी जुळत नव्हती.

शेपटी आत वळलीच नव्हती. ती बाहेर येऊन शेजारच्या रेणूच्या तोंडात बसली होती, आणि शेजारच्याची याच्या. दोन दरवान एकमेकांचं तोंड बंद करून उभे होते. स्फटिकात दाटीवाटीमुळे कधीकधी असं खोटं दिसतं, म्हणून तिने जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या वर्षापासून जागोजागी तिच्याच अक्षरात नोंद होती: पाण्यात मोजलं तर वजन दुप्पट येतं, कारण कळत नाही. आता कारण कळलं. हे प्रथिन जोडीनेच राहतं. धाकटीने कॉम्प्युटरला एकटं प्रथिन दिलं होतं; त्याने बिचाऱ्याने शेपटी जिथे जागा दिसली तिथे बसवली.

तिला इतका आनंद झाला की ती उठून उभी राहिली. मग तिने परिषदेचा त्याच सकाळी जाहीर झालेला कार्यक्रम उघडला. धाकटीच्याच सत्रात, तिच्यानंतर लगेच, दुसऱ्या एका गटाचं व्याख्यान होतं. प्रथिन तेच, पद्धत स्फटिकांशिवायची, आणि शीर्षकात 'जोडी' हा शब्द. म्हणजे धाकटी सातशे माणसांपुढे लाल शेपटी आत वळवून दाखवणार, आणि वीस मिनिटांनी दुसरं कुणीतरी तिथेच ती चूक ठरवणार.

थोरलीने कार्यक्रम बंद केला. कुणालाही काही सांगितलं नाही. शनिवारीही नाही.

रविवारी दुपारी आईच्या घरी धाकटी बॅग भरत होती. आई खिडकीशी बसून तिच्या नव्या कोटाच्या बाह्या आखूड करत होती.

"ताई, एकदा ऐकतेस का शेवटचं?" धाकटीने विचारलं आणि लॅपटॉप पलंगावर ठेवून उभ्याउभ्या बोलायला लागली. लाल शेपटीवर येऊन ती थांबली. "हा भाग नीट जमतोय ना?"

"छान," थोरली म्हणाली.

"गुरुवारी तू विचारलंस ना, तेव्हा मी घाबरलेच होते. पण मग वाटलं, ताईने विचारलं म्हणजे विचारण्यासारखंच असणार."

इथे थोरलीचं मन द्रवलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. आपल्याला ठाऊक आहे आणि हिला नाही, हे सुख तिच्या तोंडात मावेना, इतकंच झालं.

"तुझी शेपटी चुकलीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आत नाही वळत. शेजारच्याच्या तोंडात जाते. जोडी आहे ती. मी नकाशा पाहिलाय."

धाकटी अर्धवट भरलेल्या बॅगेवरच बसली. "तुझं सुटलं? ताई, तुझं सुटलं?" क्षणभर तिचा चेहरा लहानपणीसारखा उजळला. मग सावकाश तिने विचारलं, "कधी?"

"शुक्रवारी."

"आज रविवार आहे."

आईची सुई थांबली.

"तू सांगणार नव्हतीस?" धाकटीने विचारलं.

"नाही."

"मला तिथे उभं राहू देणार होतीस? सगळ्यांसमोर?"

"हो," थोरली म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तुझ्यानंतर जे बोलणार आहेत त्यांनाही जोडी सापडलीये. मी कार्यक्रम पाहिला. मला तुझा हेवा वाटतो गं. आजचा नाही. तू पहिल्यांदा पेपर लिहिलास तेव्हापासून. मी जे हाडं झिजवून करते ते तू बसल्या जागी करतेस आणि वर माझं कौतुकही करतेस. ते कौतुक तर मला अजिबात सोसत नाही."

"मग काय करू? शिव्या देऊ?"

"अगं पण झालंय काय?" आईने विचारलं. "कुणाची शेपटी?"

दोघींपैकी कुणीच हसलं नाही. धाकटी उठून खिडकीपाशी गेली. वळली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता.

"नकाशा आणलायस?"

थोरलीच्या पिशवीत तो होता. तो आपण का आणला, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

"मी हे तिथे दाखवलं तर ते आधी माझ्या तोंडून बाहेर पडेल," धाकटी म्हणाली. "तुझं नाव मी सांगेनच. पण उभी मी असेन. चालेल का, विचार कर. नको असेल तर मी शेपटीची स्लाइड काढून टाकते, आणि हा भाग अजून कळलेला नाही म्हणते. तुझं तुझ्याकडे राहील."

थोरलीने विचार केला. बारा-पंधरा मिनिटं ती स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी होती. सहा वर्षं, आणि सांगायला उभी राहणार धाकटी! नको म्हणावं असं तिला चारदा वाटलं. पण दुसरा गट नंतर बोलणारच होता, आणि गप्प राहिलं तर सगळं श्रेय तिकडे जाणार होतं. शिवाय तो नकाशा धाकटीच्या फाइलशिवाय निघालाच नसता, हेही तिला ठाऊक होतं. तिला हे कबूल करायला त्या पंधरा मिनिटांतली दहा लागली.

"दाखव," ती बाहेर येऊन म्हणाली. "पण वजनाच्या नोंदीही दाखव. नाहीतर म्हणतील, स्फटिकातल्या दाटीमुळे असं दिसतंय."

संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून तीन स्लाइड बदलल्या. कामापुरतं बोलल्या. आईने कोट घडी करून बॅगेत ठेवला.

परिषदेत धाकटीने शेपटीचा आपला अंदाज आधी दाखवला, तो चुकीचा आहे असं सांगितलं आणि मग थोरलीचा नकाशा लावला. नंतर बोलणाऱ्या गटाचंही तेच निघालं. दोन्ही निबंध पुढे एकाच अंकात छापून आले. थोरलीचं नाव आपल्या निबंधात पहिलं होतं, धाकटीचं दुसरं. थोरलीला व्याख्यानासाठी दोन ठिकाणांहून बोलावणी आली, मुख्य सत्राची नव्हेत, पण आली.

धाकटी परत आल्यावर पूर्वीसारखी राहिली नाही. भेटायची, बोलायची, पण न विचारता फाइल पाठवणं तिने बंद केलं. थोरलीला ते लागलं, आणि ते आपणच ओढवून घेतलंय हेही कळलं. एकदा तिने स्वतःच विचारलं, "नवीन प्रथिन घेतलंय. एकदा कॉम्प्युटरवर जोडीने चालवून बघशील का?" धाकटीने चार दिवसांनी उत्तर पाठवलं. फाइल होती, सोबत एक ओळ: 'टोकाच्या भागावर माझा भरवसा नाही.'

वर्षभराने दुसऱ्या गावच्या एका संस्थेत स्वतःची लॅब मिळेल अशी जागा निघाली. वयाची अट नव्हती. रविवारी धाकटीचा फोन आला.

"ती जागा पाहिलीस?"

"पाहिली."

"अर्ज करणार?"

"हो. तू?"

"मीही."

थोरलीचा जुना हेवा पुन्हा जागा झाला. तो होणारच होता.

"मग माझा अर्ज वाचून देशील का?" धाकटीने विचारलं. "मी तुझा वाचते."

"खरंच वाचू? जे वाटेल ते सांगेन हं."

"म्हणून तर विचारतेय," धाकटी म्हणाली.

दोघींनी एकमेकींचे अर्ज वाचले, लाल खुणा केल्या आणि एकाच दिवशी पाठवले. मुलाखतीला दोघींनाही बोलावणं आलं. जागा थोरलीला मिळाली. ती बातमी तिने धाकटीला फोन करून सांगितली.

"ऐकतेयस ना?" थोरलीने विचारलं.

"ऐकतेय," धाकटी म्हणाली. "थांब जरा. मला आधी चिडून घेऊ दे."

थोरली फोन कानाशी धरून थांबली.