गुरुवारची पाळी

हात वर गेला तेव्हा त्याला कळलंच नाही. समोरून बस आली, त्याचा उजवा हात सवयीने उचलला गेला आणि पलीकडच्या स्टिअरिंगवरूनही तितक्याच सहज एक हात वर आला. दोन्ही बस एकमेकींच्या बाजूने निघून गेल्या. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला की आपण आत्ता बस चालवत नाही. आपण तिकीट काढून पुढच्या सीटवर बसलेले प्रवासी आहोत. आणि समोरच्या बसमध्ये जो होता तो आपल्याच डेपोतला पैलवान, या घडीला आपलीच पाळी करतोय.

"ओळखीचे होते का?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"हो," तो म्हणाला आणि हात मांडीखाली दाबून बसला.

ड्रायव्हर लोकांची ही सवय फार जुनी. समोरून आपल्या माणसाची गाडी आली की हात करायचा. घरून भांडून आलेला करतो, दाढ ठणकत असलेला करतो, एकमेकांशी बोलणं टाकलेले दोघेसुद्धा करतात. एवढ्या वर्षांत हाडीमाशी खिळलेली गोष्ट, ती सीट बदलली म्हणून थोडीच सुटते? खरं तर त्याने मागे बसायला हवं होतं. पण बसमध्ये मागे बसलं की त्याला मळमळायचं. ही दुसऱ्या डेपोची बस त्याने मुद्दाम निवडली होती, कारण तिच्या रस्त्याला आपलं कुणी येत नाही. पण मधला रस्ता खणून ठेवला होता, आणि त्यामुळे आज सगळ्या गाड्या इकडून वळवल्या होत्या.

गुरुवारच्या संध्याकाळी तो विद्यापीठात, इतिहासाच्या वर्गात असायला हवा होता. पन्नाशी उलटल्यावर त्याने नाव घातलं होतं. तरुणपणी वडील गेले, कॉलेज सुटलं आणि हातात आलं ते स्टिअरिंग. मुलं मार्गी लागल्यावर त्याने जुनी हौस बाहेर काढली. डेपोने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. सगळे त्याला 'प्राध्यापक' म्हणू लागले. साहेबांनी वेळेची सवलत दिली नाही, तेव्हा पैलवान पुढे आला. हा पैलवान म्हणजे वाऱ्याने उडेल असा काटकुळा माणूस. म्हणाला, "गुरुवारची तुझी पाळी मी ओढतो. माझी संपली की लगेच तुझी. तू शीक बाबा, आपल्यातलं कुणीतरी शिकू दे."

सुरुवातीला तो अगदी पहिल्या बाकावरच्या मुलासारखा जायचा. मग काय झालं? काहीच झालं नाही, आणि हीच अडचण होती. कुणी अपमान केला असता, नापास केलं असतं, तर सांगायला तोंड तरी राहिलं असतं. पान वाचावं, खाली पोचावं, तोवर वरचं पुसलेलं. पालथ्या घड्यावर पाणी. वर्गातली मुलं एकमेकांशी तावातावाने वाद घालायची, पण तो बोलला की सगळी गप्प व्हायची. सर म्हणायचे, "छान, हे अनुभवाचे बोल आहेत," आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. त्याचं म्हणणं खोडून काढण्याच्या लायकीचंही कुणाला वाटलं नाही. पण ही सगळी मागाहून शोधलेली कारणं. खरं एवढंच, की एका गुरुवारी विद्यापीठाचा थांबा आला आणि तो उतरला नाही. पुढच्या गुरुवारी न उतरणं आणखी सोपं गेलं.

उतरलो नाही हे सांगणं मात्र गुरुवारागणिक अवघड होत गेलं. पैलवान शुक्रवारी गाडी ताब्यात देताना न चुकता विचारायचा, "काय शिकवलं रे काल?" मग तो काहीबाही रचून सांगायचा. जुनी शहरं, त्यांचे राजे, त्यांचे रस्ते. पैलवान नटबोल्टचे पाने पुसत, तोंड उघडं टाकून ऐकायचा. त्या वेळी त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी पुढच्या शुक्रवारी तो नवं काहीतरी रचायचाच.

या शुक्रवारी तो डेपोत पोचला. पैलवानाने चावी त्याच्या हातात ठेवली.

"ब्रेक जरा खोल लागतोय. बघून घे."

"बरं."

"मागच्या दाराचा रबर सुटलाय."

"बरं."

बस, एवढंच. काल काय शिकवलं हे विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पैलवान पाठ फिरवून चालू लागला आणि त्या काटकुळ्या पाठीकडे बघताना त्याला स्वतःची इतकी किळस आली, की तो धावतच मागे गेला.

"अरे थांब. मी काल तिकडे गेलो नव्हतो."

"दिसलं मला."

"त्याच्या आधीही नाही गेलो. बरेच गुरुवार झाले. सोडल्यातच जमा आहे."

पैलवानाने कपाळावरचा घाम पुसला. तो चिडला नाही. नुसता दमलेला दिसला.

"मग सांगायचं होतंस ना! गुरुवारी मी घरी पोचतो तर पोरगी झोपलेली असते. म्हटलं झोपू दे, तिथं आपला माणूस शिकतोय."

"चुकलं माझं."

"चुकलंच." मग पैलवानाने हळूच विचारलं, "ते रस्त्यांचं तरी खरं होतं का?"

"कसलं?"

"ते जुन्या शहराचं. दोन हत्ती शेजारून जातील एवढे रुंद रस्ते. पोरीनं शाळेत उभं राहून सांगितलंय सगळ्यांना."

खोटं बोलायला ही शेवटची आणि सगळ्यात सोपी जागा होती.

"नाही," तो म्हणाला. "ते मी रचलेलं."

पैलवानाने मान डोलावली. "सांगतो तिला," म्हणाला आणि गेला.

पुढच्या गुरुवारी बायकोने नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर ठेवला होता. त्याने युनिफॉर्म चढवला.

"अहो, आज कॉलेज नाही का?"

"आहे. मी सोडलं."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

पैसे वाया गेले, लोक काय म्हणतील, यातलं ती काहीच बोलली नाही. "मग शर्टाला इस्त्री कशाला करून घेत होता माझ्याकडून?" एवढंच तिने विचारलं. तो बुटांच्या नाड्या बांधत बसला.

संध्याकाळी स्वतःची पाळी स्वतः करताना त्याला ठाऊक होतं, की वर्ग सुटतो त्या वेळेला आपली गाडी विद्यापीठाच्या थांब्यावर लागणार. तशी ती लागलीच. दार उघडलं आणि त्याच्याच वर्गातला घोळका हसतखिदळत वर आला. सगळ्यात पुढे त्याच्या शेजारी बसणारी चष्मेवाली मुलगी होती.

"काका! तुम्ही?" तिने युनिफॉर्मकडे पाहिलं. "आम्हाला वाटलं आजारी आहात. सरांनी दोनदा विचारलं."

हो म्हटलं असतं तर सुंठीवाचून खोकला जात होता. आजारी माणसाला कुणी नावं ठेवत नाही.

"आजारी नव्हतो. सोडलं मी."

"का?"

"मन लागेना."

मागचे लोक तिला पुढे ढकलत होते, तरी ती तिथेच दांडा धरून उभी राहिली. "पण आम्ही तुमची जागा धरतो हो. बॅग ठेवून. कुणाला बसू देत नाही."

आपण इकडे खिडकीतून दुकानं मोजत फिरत होतो, आणि तिकडे ही पोरं बॅग ठेवून बसली होती.

"आता बॅग उचला," तो म्हणाला. "बसू दे कुणाला तरी."

ती आत गेली. त्याने आरशात पाहिलं. तिने बाकीच्यांना काहीतरी सांगितलं आणि एरवी बसमध्ये बाजार भरवणारी ती मंडळी एकदम हळू आवाजात बोलू लागली, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशी. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि गाडी काढली.

पुढच्या थांब्यावर कुणाला उतरायचं नव्हतं, चढायलाही कुणी नव्हतं. तरी त्याने गाडी थांबवली, दार उघडलं, नियमाप्रमाणे थोडा वेळ थांबला, आणि मग बंद केलं.