एका सळईवर दोन फोन

१९६७ साली मेहकर तालुक्यात, जानेफळच्या पलीकडे, एका लहान धरणाचं काम चालू होतं. छावणीतल्या टेलिफोन बोर्डावर कोकिळा बसायची. बावीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. दगडखाणीत दोन फोन होते. एक सुरुंग लावणाऱ्या कडूबाच्या झोपडीत, दुसरा वीस पावलांवर, क्रशरच्या खोलीत, निवृत्ती कारकुनाकडे. खाण तिने कधी पाहिली नव्हती. तिथली माणसं तिला आवाजावरूनच ठाऊक.

मे महिन्यात विचित्र प्रकार सुरू झाला. कडूबाला रिंग दिली की निवृत्तीचीही घंटा वाजायची, निवृत्तीला दिली की कडूबाची. जो आधी उचलेल तो बोलायचा. धरणाच्या इंजिनिअरसाहेबांनी दोनदा तिलाच बोल लावला, "प्लग नीट बघून लावत जा."

तेव्हापासून ती निरोप सांगण्याआधी विचारू लागली, "कोण बोलून राह्यलं?" आणि चुकलेली प्रत्येक रिंग, आधीच्याही आठवून, तारखेसह वहीत लिहू लागली.

सोळा तारखेला दुपारी चौकीदार धापा टाकत आला. भाकरी घेऊन निघालेल्या बायका आज खाणीच्या कडेच्या वाटेने गेल्या होत्या, आणि सुरुंगाची वेळ झाली होती. कोकिळाने कडूबाला रिंग दिली. फोन उचलला गेला.

"कोण बोलून राह्यलं?"

"मी निवृत्ती."

दुसरी कुणी असती तर पुन्हा रिंग देत बसली असती. कडूबा तर 'बाजूचाच असेल' म्हणून हल्ली घंटेकडे लक्षच देत नव्हता.

"निवृत्तीभाऊ, फोन टाका अन् कडूबाकडे पळा! सुरुंग थांबवा म्हणा, बायका येऊन राह्यल्या!"

निवृत्ती पोचला तेव्हा कडूबाने वात पेटवायला काडी ओढली होती. ती त्याने तशीच मुठीत विझवली. हात भाजला, पण बायका सुखरूप आल्या.

दुसऱ्या दिवशी कोकिळाने म्हातारे लाइनमन पुंजाजी यांच्यापुढे वही ठेवली.

"काका, चार तारखेच्या आधी एकही चूक नाही. मग रोज आहे. फक्त बारा तारखेला नाही. अकराला वळीव पडला होता. चारला खाणीत काय बदललं?"

पुंजाजी विचार करत म्हणाले, "काही नाही वं. पाणी तापे म्हणून प्यायचे रांजण लिंबाखाली नेले, एवढंच."

"आधी कुठं होते?"

"दोन्ही फोनची तार जिथं जमिनीत जाते, त्या सळईपाशी." एवढं बोलून पुंजाजी उठले. मग सायकल काढून थेट खाणीकडे गेले.

त्यांनी सळईच्या बुडाशी दोन बादल्या पाणी ओतलं आणि कोकिळाला रिंग द्यायला सांगितलं. फक्त कडूबाची घंटा वाजली. मग फक्त निवृत्तीची.

संध्याकाळी पुंजाजींनी साहेबांना समजावलं, "दोघायची सळई एकच. करंट तारेनं येते अन् जमिनीतून वापस जाते. रांजण पाझरत होते तवर माती ओली होती. ते हलवले अन् माती कोरडी पडली, त्याले खाली वाट नाही. मग तो बाजूच्या फोनमधून वाट काढते. पोरीची काहीच चूक नाही, साहेब. तिनं खाण न पाहता मातीतला दोष काढला."

साहेबांनी वही पानोपान वाचली. "कोकिळाबाई, मी तुम्हाला उगाच बोललो," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

आठवड्याभरात दोन्ही फोनना वेगवेगळ्या सळया मिळाल्या, एकमेकींपासून लांब, ओल टिकावी म्हणून कोळसा आणि मीठ भरलेल्या खोल खड्ड्यांत. काम तपासायला साहेबांनी कोकिळालाच जीपने खाणीवर नेलं. ती उतरली तशा भाकरीच्या पाट्या खाली ठेवून बायका उठून उभ्या राहिल्या. हाताला पट्टी बांधलेला एक उंच माणूस पुढे आला.

"ओळखलं का बाई मले?"

कोकिळा हसली. "बोललात ना, आता ओळखलं. कडूबाभाऊ, हात कसा आहे?"